श्वानगाऊचा हंस: लाकडी ढाल नव्याने करतानाच्या नोंदी

11 जानेवारी 2025, शनिवार

गॅरेजच्या दाराच्या वर भिंतीवर लावलेली, गावाच्या चिन्हाची लाकडी ढाल आज खाली काढली. दोन स्क्रू गंजून मोडले, तिसरा प्लायवूडसकट हातात आला. मागच्या बाजूने प्लायचे थर पापडासारखे सुटले होते. वरून लाल रंग उडून विटकरी झालेला, मधे पांढरा हंस, त्याची चोच आणि पाय काळे. माझ्या घरमालकीणबाईंच्या नवऱ्याने 1984 मध्ये केलेली ही ढाल. ते आता नाहीत. बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी त्यांना आडनावाने आणि आदरार्थीच हाक मारतो, पण इथे आजी म्हणतो, सोपं जातं.

आजींना नवीन ढाल हवी होती आणि मी फुशारकीत ‘मी करतो’ म्हणून बसलो. लाकडावरचं माझं आजवरचं काम म्हणजे एक पाट आणि पुस्तकांच्या दोन मांडण्या. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझ्या चुका तरी टळाव्यात म्हणून ही वही.

मापं: उंची 80 सेंमी, वरची रुंदी 68 सेंमी, खाली टोक. प्लायवूड परत वापरायचं नाही, अख्खं लाकूड घेऊन हंस उठावात कोरायचा, असं ठरवलं. (हा निर्णय मला साधारण सहा वेळा महागात पडला.)

गावाबद्दल एकदाच सांगतो. श्वानगाऊ हे जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी, फ्युसन शहरापासून चार किलोमीटरवर. नॉयश्वानश्टाईनचा किल्ला बघायला आपली जी मंडळी येतात ती याच गावाच्या हद्दीत येतात. जर्मनमध्ये ‘श्वान’ म्हणजे हंस आणि ‘गाऊ’ म्हणजे मुलूख. आईला फोनवर पत्ता सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘श्वान म्हणजे कुत्रा ना रे? कुत्र्यांच्या गावात राहतोस?’ दोन वर्षं झाली, अजून तेच विचारते.

18 जानेवारी

कागदावर पहिलं चित्र काढलं. छान जमलं असं वाटलं. पाण्यावर तरंगणारा हंस, मान इंग्रजी एस अक्षरासारखी, पंख जरा फुललेले, खाली तीन लाटा. आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘हा राजाचा आहे. आमचा नाही.’

मला काही कळलं नाही. राजा म्हणजे बायर्नचा लुडविग दुसरा, नॉयश्वानश्टाईन बांधणारा. इथे हंस आहे तो त्याच्यामुळेच, अशी माझी पक्की समजूत. किल्ल्यात जिकडे तिकडे हंस आहेत, दिवाणखान्यात चिनीमातीचा चांगला मोठा हंस आहे, आणि लोहेनग्रिनच्या गोष्टीतला नायक हंस ओढत असलेल्या होडीतून येतो. त्याच गोष्टीवरचा, जर्मन संगीतकार वाग्नरचा ऑपेरा लुडविगने 1861 मध्ये पंधराव्या वर्षी पाहिला आणि तो त्यात वाहून गेला. मग गावाने राजाचा हंस घेतला असेल, असा माझा सरळ हिशोब.

आजींनी तो हिशोब पाच मिनिटांत उलटा केला. शेवटी ‘वाचून ये’ म्हणाल्या.

19 जानेवारी

वाचून आलो. कोरायचं काय ते यावरच ठरणार होतं, म्हणून इथे लिहितो.

इथे मध्ययुगात श्वानगाऊ नावाचंच सरदार घराणं होतं. त्यांच्या ढालीवर लाल भूमीत, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर, चांदीचा हंस. नावातच हंस, म्हणून ढालीवर हंस. जर्मनीत अशा चिन्हाला ‘बोलणारं चिन्ह’ म्हणतात, चित्र बघितलं की नाव वाचता येतं. शेजारच्या फ्युसनच्या चिन्हात चाकासारखे फिरणारे तीन पाय आहेत, कारण ‘फ्यूस’ म्हणजे पाय. ओक्सनफुर्ट गावाच्या चिन्हात बैल, कारण ‘ओक्स’ म्हणजे बैल, आणि म्युन्शनच्या (म्युनिकच्या) चिन्हात ‘म्योन्श’ म्हणजे मठातला साधू. शब्दावरून केलेली कोटीच ती, फक्त रंगवलेली.

याच घराण्यातला हिल्टबोल्ट फोन श्वानगाऊ हा तेराव्या शतकातला प्रेमगीतं रचणारा कवी. त्याचं चित्र मानेस्से पोथीत, म्हणजे मध्ययुगीन जर्मन गीतांच्या सचित्र संग्रहात, आहे. ती पोथी साधारण 1300 ते 1340 च्या दरम्यान झ्युरिकमध्ये तयार झाली, आज हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि तिची सगळी पानं घरबसल्या बघता येतात. पान 146 ची समोरची बाजू. लाल ढालीवर पांढरा हंस. लुडविगच्या जन्माच्या पाचशे वर्षं आधी.

घराणं सोळाव्या शतकात संपलं, गड पडझडीला आले. 1832 मध्ये युवराज माक्सिमिलियानने, म्हणजे लुडविगच्या बापाने, श्वानश्टाईन नावाचा पडका गड विकत घेतला, डोमेनिको क्वाल्यो या चित्रकाराच्या आराखड्यावर तो 1833 ते 1837 मध्ये नव्याने बांधला आणि त्याला नाव दिलं होएनश्वानगाऊ. तिथल्या एका दालनाच्या भिंतींवर हंसवीराची, म्हणजे लोहेनग्रिनची, गोष्ट रंगवली. वाग्नरचा ऑपेरा रंगमंचावर आला तो 1850 मध्ये, वायमारला. म्हणजे लुडविगने आधी भिंतीवरचा हंस पाहिला आणि मग नाटकातला.

आणखी एक गंमत. खऱ्या जुन्या होएनश्वानगाऊच्या दोन गढ्या पलीकडच्या कड्यावर होत्या. त्यांचे अवशेष काढून लुडविगने 1869 मध्ये आपल्या किल्ल्याची पायाभरणी केली. तो जिवंत असेपर्यंत त्याला ‘नवा होएनश्वानगाऊ’ म्हणत. 1886 मध्ये राजा गेल्यावर त्याचं नाव झालं नॉयश्वानश्टाईन, म्हणजे नवा श्वानश्टाईन. थोडक्यात जुना श्वानश्टाईन आज होएनश्वानगाऊ आहे आणि जुन्या होएनश्वानगाऊच्या जागी नवा श्वानश्टाईन उभा आहे. नावांची अदलाबदल झाली, हंस मात्र दोन्हीकडे राहिला.

तर राजाने गावाचा हंस घेतला, गावाने राजाचा नाही. आजींचं म्हणणं एवढंच होतं. माझं तरंगणारं चित्र कपाटात गेलं.

26 जानेवारी

नवं चित्र. ढालीवरचा प्राणी हा प्राण्याचं चित्र नसतो, तो लांबून ओळखू यायची खूण असतो. हे मला शेजारच्या निवृत्त सुतारांनी शिकवलं. (त्यांनाही समोर ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लावून आडनावाने, वहीत सुतारकाका.) काकांनी माझा कागद अंगणाच्या पलीकडच्या फाटकाला लावला, मला गॅरेजपाशी उभं केलं आणि विचारलं, ‘काय दिसतं?’ मला एक पांढरा डाग दिसत होता.

मग जुन्या पद्धतीने काढलं:

- हंस उभा, पाण्यावर नाही. दोन्ही पाय दिसले पाहिजेत.
- ढाल भरली पाहिजे. माझा पहिला हंस मधल्या एक तृतीयांश जागेत होता, बाकी सगळं लाल रान.
- मान जाड. खऱ्या हंसाच्या मानेएवढी बारीक काढली तर दहा पावलांवरून नाहीशी होते.
- पिसं पाच-सहाच, मोठी. बारीक पिसं कोरण्यात जातात दिवस आणि दिसतं काहीच नाही.

रंगाचा नियमही इथेच लिहून ठेवतो. चिन्हांच्या शास्त्रात सोनं आणि चांदी हे दोन धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लालवर चांदी चालते, सोन्यावर चांदी नाही. शास्त्र वगैरे ठीक, मूळ कारण धुळीत आणि अंतरावर दिसणं हेच.

गावाचं चिन्ह असंच कुठेही लावता येत नाही, गाव त्यावर हक्क सांगू शकतं. म्हणून घरावर लावायची परवानगी मागणारा मेल केला. उत्तर येईपर्यंत लाकडाला हात लावायचा नाही असं ठरवलं.

1 फेब्रुवारी

परवानगी आली. लाकूड आणलं.

कोरीवकामाला इथे लिंडन वापरतात. मऊ, एकसारखं, रेषा जवळजवळ दिसत नाहीत. मी आधी शब्दकोशात बघितलं तर इंग्रजीमार्गे ‘लिंबाचं झाड’ निघालं आणि मी अर्धा तास लिंबाच्या खोडाची एवढी रुंद फळी कुठून काढतात या विचारात होतो. लिंडनचा लिंबाशी काही संबंध नाही. पानं हृदयाच्या आकाराची, फुलांचा चहा करतात.

एवढी रुंद अखंड फळी घ्यायची नाही, ती तडकणारच. 40 मिमी जाडीच्या तीन फळ्या घेतल्या. 118 युरो. लिंडन उघड्यावर फारसं टिकत नाही, हे काकांनी पैसे देऊन झाल्यावर सांगितलं. गॅरेजवर छपराची पडवी दीड हात पुढे आहे आणि रंगाचे थर नीट बसवले तर चालेल, असंही म्हणाले. ज्यांची भिंत पावसात उघडी आहे त्यांनी लार्च किंवा ओक घ्यावं. कोरताना हात दुखतील, पण दहा वर्षांनी परत कोरावं लागणार नाही.

8 फेब्रुवारी

तिन्ही फळ्या कडेने रंधून डिंक लावला, चार क्लॅम्प आवळून ठेवल्या. वॉटरप्रूफ डिंक 14 युरो. गॅरेजमध्ये सहा अंश होते, डिंकाच्या बाटलीवर किमान दहा लिहिलंय. म्हणून सगळं उचलून माझ्या खोलीत, हीटरशेजारी ठेवलं. शहाणपणा केला असं वाटलं.

15 फेब्रुवारी

शहाणपणा नव्हता.

पट्टी आडवी ठेवून बघितली. मधे 6 मिमी पोकळी. फळी ताटासारखी वाकली होती. कारणं दोन, दोन्ही माझी. एक, तिन्ही फळ्या मी एकाच तोंडाने जोडल्या होत्या. फळीच्या टोकाला वाढीची अर्धवर्तुळं दिसतात ती एक वर, एक खाली अशी आलटूनपालटून ठेवायची असतात, म्हणजे प्रत्येकीचा बाक शेजारणीच्या बाकाने मारला जातो. माझ्या तिघी एका सुरात वाकल्या. दोन, हीटरकडची बाजू आधी सुकली.

काका आले, बोटाने ठोकून बघितलं, म्हणाले, ‘सूप पिता येईल.’

22 फेब्रुवारी

उलगडून परत जोडावी का, असं विचारलं. काका म्हणाले, डिंकाचा जोड चांगला बसलाय, मोडू नकोस. मग असं केलं:

फळी आठवडाभर थंड गॅरेजमध्ये दोन काठ्यांवर ठेवली, दोन्हीकडून हवा. बाक 6 वरून 3 मिमीवर आला. मागच्या बाजूला उभ्या रेषांच्या दिशेने 12 मिमी खोल सात खाचा पाडल्या. मग दोन आडव्या ओकच्या पट्ट्या मागून स्क्रूने लावल्या. पट्ट्यांतली भोकं गोल न ठेवता लांबट केली. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, त्याला सरकायला जागा हवी. घट्ट आवळलं तर पट्टी तशीच राहते आणि फळी फाटते. फक्त मधला स्क्रू गोल भोकात.

बाक आता 1 मिमी. पुढून रंध्याने तो काढला. एक अख्खा शनिवार गेला. पट्ट्या आणि स्टीलचे स्क्रू 23 युरो.

1 मार्च

चित्र लाकडावर उतरवलं. ट्रेसिंग पेपर उलटा ठेवला आणि हंसाने तोंड फिरवलं. अर्धी बाह्यरेषा व्ही आकाराच्या पटाशीने पाडून झाल्यावर आजी कॉफी घेऊन आल्या म्हणून कळलं.

इथे डावं-उजवं नीट समजून घ्या. चिन्हाची उजवी बाजू म्हणजे ढाल हातात धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. ढालीवरचा प्राणी एरवी त्या मानाच्या बाजूकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताकडे तोंड करून असतो. जुन्या फळीवरही तसाच होता. मी मात्र तो उजवीकडे वळवला होता. सुदैवाने रेषा 2 मिमीच खोल होती. पूर्ण पुढची बाजू 3 मिमी रंधून परत पहिल्यापासून. साडेचार तास.

2 ते 16 मार्च

कोरणं. तीन जुन्या पटाश्या घेतल्या, दोन गोल आणि एक व्ही, 62 युरो. विकणाऱ्याने ‘धारदार’ म्हटलं होतं, ते दाढी करायला नव्हे एवढाच त्याचा अर्थ. पहिले दोन दिवस धार लावण्यातच गेले. लिंडन मऊ असल्याने बोथट पटाशीने कापलं जात नाही, चेंबतं. पृष्ठभाग पांढरट, लोकरीसारखा दिसायला लागला की थांबायचं आणि धार लावायची.

भूमी 12 मिमी खाली नेली. वेळ या सपाट भागालाच लागतो, हंसाला नाही.

मानेचा वरचा वळसा रेषांना आडवा जातो. तिथे 9 तारखेला रविवारी संध्याकाळी एक ढलपी सुटली, बोटाच्या पेराएवढी, नेमकी डोळ्यामागची. खाली पडली आणि भुशात हरवली. दिवा लावून, गुडघ्यांवर बसून, चाळणीने भुसा चाळला. सापडली. डिंक लावून कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवली. आज बोट फिरवलं तर जोड लागतो, डोळ्याला दिसत नाही. ढलपी सुटली की जागचं हलू नका आणि झाडू मारू नका.

16 तारखेला आजींनी बघितलं. ‘छान. पण गान्स आहे.’ गान्स म्हणजे ते शेतातलं बदकासारखं लठ्ठ पाखरू, इंग्रजीत गूस, ज्याला आपल्याकडेही कुणी कुणी हंसच म्हणतं. मान जाड करायच्या नादात ती आखूड झाली होती. मला राग आला, मग हसू. कारण भाषेच्या बाजूने बघितलं तर संस्कृत ‘हंस’ आणि जर्मन ‘गान्स’ हे एकाच मुळाचे सख्खे भाऊ, ‘श्वान’ त्या घरातला नाहीच. म्हणजे मी मराठीत हंस कोरला होता आणि तो जर्मनमध्ये गान्सच झाला. आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असेल. पण मान लांब कर.’

कोरून काढलेलं लाकूड परत आणता येत नाही, म्हणून मान वर वाढवता आली नाही. छातीचा भाग 3 सेंमी खाली उतरवला, त्यामुळे मान आपोआप लांब दिसायला लागली. खांदा जरा पडेल झाला आहे. माहीत असल्याशिवाय दिसत नाही, मला रोज दिसतो.

29 मार्च

अस्तर दोन हात, सगळ्या बाजूंनी. फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना चार हात, कारण पाणी तिथूनच वर चढतं. मग तेलाचा लाल. लाल, पांढरा आणि काळा असे तिन्ही रंग मिळून 57 युरो. गॅरेजमध्ये आठ अंश.

6 एप्रिल

लाल रंग अजून चिकट. बोट टेकवलं की ठसा. डब्यावर ‘24 तासांत कोरडा’ लिहिलंय ते 20 अंशांना. फ्योन सुटला तर, असं म्हणत होतो. आल्प्सवरून उतरणारा हा उबदार कोरडा वारा थंडीतही एका दिवसात बर्फ वितळवतो. तो 3 तारखेला आला आणि अंगणातल्या चिनाराची सगळी धूळ माझ्या ओल्या लालवर बसवून गेला. पॉलिश पेपर, परत एक हात. या वेळी दार लावून आणि छोटा हीटर चार हात लांब ठेवून.

12 एप्रिल

आता माझा हट्ट. जुना हंस साधा पांढरा होता. मी म्हटलं, ‘चांदी’ लिहिलंय ना, मग चांदीच लावू.

घरात पुण्याहून आणलेला मिठाईचा चांदीचा वर्ख होता. एका तुकड्यावर करून बघितला. इतका पातळ की लाकडाची प्रत्येक रेघ वर आली आणि श्वासाने दोन पानं दिव्यावर जाऊन बसली. काजूकतलीसाठी उत्तम, हंसासाठी नाही. मग इथला, कागदाला चिकटवून येणारा वर्ख घेतला, 25 पानं, आणि तो चिकटवायचं बारा तासांचं तेल. 74 युरो.

तेल संध्याकाळी अगदी पातळ पुसून लावायचं आणि सकाळी, बोटाचं मागचं पेर टेकवलं की ‘टक’ असा आवाज आला, की पान दाबायचं. हे जमलं. वर्ख तेलावर बसला, पण आजूबाजूच्या लालवरही बसला. लाल वरून कोरडा, आतून अजून ओला. हंसाच्या कडेने चांदीची खरूज. असं होऊ नये म्हणून आधी शेजारच्या रंगावर टाल्कम पावडर फडक्याने फिरवतात. हे मला 13 तारखेला कळलं.

पण दुपारच्या उन्हात हंस असा झळाळला की आजी काही वेळ बोलल्याच नाहीत.

20 एप्रिल, ईस्टर

हंस पिवळा पडला. शेपटीकडे तपकिरी, एका पंखावर निळसर काळा डाग.

वर्खावर वॉर्निश मारायचं मी पुढच्या आठवड्यावर टाकलं होतं. चांदी काळी पडते हे प्रत्येक मराठी घरातल्या देवाच्या ताटालाही माहीत आहे, पण आठ दिवसांत? काकांनी फळीकडे न बघता कोपऱ्याकडे बोट केलं. इथे गाडीला हिवाळी टायर ‘ओ ते ओ’ असतात, ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत. गुरुवारी आजींच्या भाच्याने टायर बदलले आणि हिवाळी चार टायर माझ्या फळीपासून हातभर अंतरावर रचून ठेवले. टायरच्या रबरात गंधक असतं. बंद दार, हीटरची ऊब. चांदीला आणखी काय हवं?

26 एप्रिल

तीन पर्याय होते. नव्याने चांदी लावून लगेच वॉर्निश, अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख (तो काळा पडत नाही), किंवा पांढरा रंग.

मी अ‍ॅल्युमिनियमकडे झुकलो होतो. काका म्हणाले, चिन्हांमध्ये चांदी पांढऱ्यानेच दाखवायची रीत फार जुनी आहे, कारण खरी चांदी काळवंडते हा अनुभव तुझ्या आधी बऱ्याच जणांनी घेतलाय. मानेस्से पोथीतलं पान परत उघडलं. हिल्टबोल्टचा हंस दिसतो पांढराच.

आजींनी तिसरंच कारण दिलं. ‘माझ्या नवऱ्याने पांढरा केला होता.’ मग विषय संपला.

27 एप्रिल ते 10 मे

वर्ख खरवडणं, दोन दिवस. कडेची खरूज लालसकट काढली. अस्तर, पांढऱ्याचे तीन पातळ हात, मधे प्रत्येकी दोन दिवस. लालचा शेवटचा हात. चोच, पाय आणि डोळा काळे. डोळ्याला ब्रश नको, खिळ्याचं डोकं रंगात बुडवून एकदाच टेकवा.

पिसांमधल्या खाचांत पांढऱ्यात चिमूटभर काळा मिसळून करडी छटा दिली. काकांना पटलं नाही, ‘चिन्हात सावली नसते’ म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नाही, उठाव दिसलाच नसता, म्हणून ठेवली.

7 जून

चढवली. वजन आठ किलो. भिंतीपासून 2 सेंमी पुढे, मागून हवा खेळायला. वरच्या कडेवर पत्र्याची बारीक टोपी, पाणी पुढे गळेल अशी. मी शिडीवर, काका खाली पातळी बघत, आजी फाटकापाशी खुर्ची टाकून. ‘डावीकडे वर’ असं त्या म्हणाल्या आणि मी वरून विचारलं, कुणाची डावी, माझी की ढालीची? काका हसले, आजींना कळलं नाही.

खर्च: लाकूड 118, डिंक 14, पट्ट्या आणि स्क्रू 23, पटाश्या 62, रंग 57, चांदी 74. एकूण 348 युरो, त्यातले 74 टायरांनी खाल्ले. वेळ 61 तास, त्यातले निदान 25 चुका निस्तरण्यात. अनुभवी माणूस 30 तासांत करेल. तयार छापील पत्र्याची ढाल याहून फार स्वस्त मिळते, हेही लिहून ठेवतो.

13 जुलै, रविवार

काल लुडविगचे राजवाडे, नॉयश्वानश्टाईन धरून चार, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच बैठकीत आदल्या दिवशी, 11 तारखेला, आपले शिवकालीन बारा किल्ले, रायगड, शिवनेरी वगैरे अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. माझ्या फोनवर पुण्याचे पेढे आणि इथल्या शेजाऱ्यांच्या बिअरचे फोटो एकाच वेळी येत होते. आजींना रायगडाचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, ‘यांचं चिन्ह काय?’ मी भगवा दाखवला आणि म्हटलं, याच्यावर प्राणी नाही, नुसता रंग. त्यांनी मान हलवली. ‘मग टायरची भीती नाही.’

संध्याकाळी शिडी लावून ढाल तपासली. टोकाशी, मधल्या जोडावर, केसाएवढी भेग, 4 सेंमी लांब. खालचा स्क्रू मी चढवताना जास्त आवळला होता. पाव फेरा सैल केला. भेगेत आत्ता काही भरायचं नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून भेग उघडी असते, तेव्हा भरली तर पावसाळी दिवसांत फुगून जोड तुटतो. ऑक्टोबरमध्ये, टायर बदलायच्या आधी, परत बघणार.